जोन्सबरोचं दप्तर

मुलीकडे अमेरिकेला जाऊन आलं की इथं सगळे विचारतात, "मग काय काय पाहिलंत?" नायगारा, व्हाइट हाऊस, डिस्ने अशी नावं यावीत ही अपेक्षा. मी म्हणते, जोन्सबरो पाहिलं. समोरचा चेहरा कोरा होतो. मग मी विषय बदलते, कारण चहा संपेपर्यंत सांगून होईल इतकी ती गोष्ट लहान नाही. आज मात्र बसून सगळं लिहून काढायचं ठरवलं आहे. भाचरांनो, लांबण लागली तर आत्याला माफ करा. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला आहे, तास संपल्याशिवाय थांबायची सवय नाही.

माझी मुलगी टेनेसी राज्याच्या पूर्व टोकाला जॉन्सन सिटीत राहते. चहूबाजूंनी अ‍ॅपलेशियन डोंगर. आपल्या सह्याद्रीसारखे कातळी, उभे कडे नाहीत. गोलसर, झाडांनी गच्च भरलेले, सकाळी धुक्यात निळे दिसणारे डोंगर. तिथून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर जोन्सबरो. वस्ती सहा हजारांच्या आसपास. पण हे वॉशिंग्टन काउंटीचं ठाणं आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा आणि तालुका यांच्या मधलं काहीतरी समजा. कोर्ट, कचेरी, जमिनीचं दप्तर सगळं ठाण्याच्या गावी. म्हणजे मुलगी राहते ते शहर दहा-बारा पटींनी मोठं, पण कचेरीचं गाव अजून हेच. आपल्याकडेही अशी गावं आहेत ना, बाजारपेठ एकीकडे गेली आणि मामलेदार कचेरी मागे राहिली!

पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हे सिनेमासाठी उभं केलेलं गाव आहे. एकच मुख्य रस्ता, दुतर्फा विटांच्या फरसबंद वाटा, जुनी घरं, चर्चचे पांढरे मनोरे, मध्ये १९१३ साली बांधलेलं घड्याळाच्या मनोऱ्याचं कोर्ट. विजेचे खांब नाहीत, तारा जमिनीखाली. जावई म्हणाले, "आई, हे टेनेसीतलं सगळ्यात जुनं गाव." मी विचारलं, किती जुनं? "१७७९." मला हसू आलं. आमच्या माहेरचा वाडा त्याच सुमाराचा आणि त्याला कुणी जुना म्हणत नाही, पडका म्हणतात. पण मग हिशेब केला. टेनेसी हे राज्य झालं १७९६ साली. म्हणजे राज्य जन्मायच्या सतरा वर्षं आधी गाव जन्मलं. लेकरू आईच्या आधी! हे कसं, ते शोधायला लागले आणि अडकले.

थोडं मागे जावं लागेल. १७६३ साली इंग्लंडच्या राजानं फर्मान काढलं होतं की गोऱ्यांनी अ‍ॅपलेशियन डोंगर ओलांडून पलीकडे वसाहत करू नये, ती जमीन इंडियन लोकांची. फर्मान कागदावर राहिलं. शेतजमिनीच्या शोधात माणसं खिंडी ओलांडून आली आणि वॉटॉगा, नोलिचकी अशा नद्यांच्या काठांनी बसली. ही भूमी चेरोकी लोकांची. या मंडळींनी १७७२ साली स्वतःचं पंचायतीसारखं एक मंडळ केलं, चेरोकींकडून जमीन खंडानं घेतली आणि १७७५ साली ती विकत घेतल्याचा करार झाला. चेरोकींच्या वडीलधाऱ्यांनी मान्यता दिली, पण त्यांच्यातल्याच ड्रॅगिंग कनू या तरुण पुढाऱ्यानं कडाडून विरोध केला आणि पुढे अनेक वर्षं तो लढत राहिला.

मग स्वातंत्र्ययुद्ध. १७७७ साली नॉर्थ कॅरोलिनानं डोंगरापलीकडच्या या सगळ्या मुलखाची एक काउंटी केली आणि तिला जॉर्ज वॉशिंग्टन यांचं नाव दिलं. तेव्हाची वॉशिंग्टन काउंटी म्हणजे जवळजवळ आजचं सगळं टेनेसी! दोन वर्षांनी तिला ठाणं हवं म्हणून जोन्सबरो वसवलं. विली जोन्स नावाच्या तिकडच्या पुढाऱ्याच्या नावावरून. (स्पेलिंग विलीसारखं असलं तरी उच्चार "वायली". माझ्या नातवानं मला चार लोकांत दुरुस्त केलं आहे, तुम्ही फसू नका.) गाव आखून वसवलेलं. प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि ज्याला प्लॉट मिळेल त्यानं ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या मापाचं घर बांधलंच पाहिजे, त्याला दगडविटांचं धुराडं पाहिजे, अशी अट. रानात, ओंडक्यांच्या झोपड्यांच्या काळात ही अट! मला ते फार आवडलं. रानातसुद्धा माणसाला गावासारखं गाव हवं असतं.

आता खरी गंमत. युद्ध संपलं, कर्ज डोक्यावर. १७८४ साली नॉर्थ कॅरोलिनानं डोंगरापलीकडचा हा मुलूख केंद्राच्या काँग्रेसला देऊन टाकला. खर्च कोण करणार! डोंगरातल्या लोकांना वाटलं, आपल्याला कुणी वाली उरला नाही. त्यांचे प्रतिनिधी त्या ऑगस्टमध्ये जोन्सबरोला जमले आणि त्यांनी स्वतःचं वेगळं राज्य जाहीर केलं. तिकडे नॉर्थ कॅरोलिनाचं मन बदललं, नोव्हेंबरात त्यांनी दिलेला मुलूख परत घेतला. पण इकडे घोडा सुटला होता. नव्या राज्याचं नाव फ्रँकलिन. बेंजामिन फ्रँकलिन यांचं नाव दिलं म्हणजे म्हातारा खूश होऊन मदत करेल, हा हिशेब. म्हाताऱ्यानं पुढे पत्रानं सल्ला दिला, मदत दिली नाही. गव्हर्नर झाला जॉन सेव्हिअर. देखणा, लढवय्या, लोकप्रिय. १७८० सालच्या किंग्ज माउंटनच्या लढाईचा वीर. नोलिचकी नदीकाठी राहायचा म्हणून "नोलिचकी जॅक".

१७८५च्या मे महिन्यात फ्रँकलिनला राज्य म्हणून घ्यावं की नाही यावर काँग्रेसमध्ये मतं पडली. नऊ राज्यांची संमती लागत होती, सातांनी दिली. दोन मतांनी राज्य हुकलं. तरी ते चालू राहिलं, चार वर्षं! पैसा नाही, म्हणून कर भरायचा तो कातडी, तागाचं कापड, मेण, दारू या रूपात. लोकांनी हलक्या जनावराच्या कातड्याला भारी जनावराची शेपूट शिवून कर भरला, अशा गोष्टी तिकडे अजून चवीनं सांगतात. त्याच राज्यात १७८६ साली नोलिचकीच्या काठी डेव्ही क्रॉकेट जन्मला, ज्याच्या टोपीला ती शेपूट लावलेली असते असं नातवाचं चित्रांचं पुस्तक म्हणतं.

पण सगळेच सेव्हिअरच्या बाजूचे नव्हते. जॉन टिप्टन नावाचा दुसरा पुढारी नॉर्थ कॅरोलिनाशी एकनिष्ठ. मग एकाच काउंटीत दोन कोर्टं, दोन शेरीफ, दोघांचे वेगळे कर. एका बाजूनं लग्न लावलं तर दुसरी बाजू मानायची नाही. आणि सगळ्यात मोठं भांडण कशावरून? दप्तरावरून! हे त्यांच्या कोर्टात घुसून कागदपत्रं पळवायचे, ते यांच्या. ज्याच्या हाती दप्तर त्याची जमीन, त्याचं लग्न, त्याचं राज्य. त्या धामधुमीत कागद गहाळ झाले ते झाले. हे वाचताना मला आमच्या गावच्या कुलकर्ण्यांच्या भाऊबंदकीचे किस्से आठवले. दप्तराच्या पेटीवर रात्रभर झोपणारे आजोबा माझ्या चुलत घराण्यातच होऊन गेले.

१७८८च्या फेब्रुवारीत बर्फात लढाई झाली, ती आजच्या जॉन्सन सिटीत, टिप्टनच्या घराशी. ते ठिकाण मुलीच्या घरापासून जवळ आहे, जपून ठेवलं आहे. सेव्हिअर माणसं घेऊन चालून गेला, थोडी माणसं मेली, त्यात शेरीफही गेला. कुमक आल्यावर सेव्हिअर मागे हटला. त्याचे दोन मुलगे टिप्टनच्या हाती लागले होते, त्यांना फाशी द्यायला निघालेल्या टिप्टनला लोकांनी समजावून थांबवलं. इथपर्यंत मी नातवाला छान रंगवून सांगत होते. त्यानं विचारलं, "आजी, पण भांडण कशावरून सुरू झालं?"

मी पुस्तक उघडलं. टिप्टनच्या बाजूच्या शेरीफनं वसुलीसाठी सेव्हिअरची मालमत्ता जप्त करून टिप्टनच्या घरी आणून ठेवली होती. ती मालमत्ता म्हणजे सेव्हिअरचे गुलाम. ती सोडवायला तो गेला होता.

स्वतंत्र राज्याची लढाई आणि ती कशासाठी, तर हे. मी नातवाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग त्यांना कोण जिंकलेलं हवं होतं?" "कुणाला?" "त्या लोकांना. गुलामांना." मुलांनो, छत्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही, कारण असा प्रश्न पडेल असं मी कधी शिकवलंच नव्हतं.

फ्रँकलिन राज्य विरघळून गेलं. सेव्हिअरला त्या ऑक्टोबरात पकडून डोंगरापलीकडे नेलं, पण खटला कधी चाललाच नाही. माफी मिळाली आणि टेनेसी राज्य झालं तेव्हा पहिला गव्हर्नर तोच! मात्र त्याच १७८८ सालच्या उन्हाळ्यात त्याच्या फौजेनं काय केलं तेही लिहायला हवं. चेरोकींचा वृद्ध मुख्य ओल्ड टॅसल, जो कायम तहाच्या बाजूचा होता, त्याला पांढऱ्या निशाणाखाली बोलावून मारलं. मारणारा दुसरा होता, सेव्हिअर त्या क्षणी तिथं हजर नव्हता, पण फौज त्याची. सेव्हिअरच्या नावानं काउंटी आहे, गाव आहे. ओल्ड टॅसलची हकिगत मला शोधून वाचावी लागली.

त्याच वर्षी जोन्सबरोला एक एकवीस वर्षांचा हडकुळा वकील घोड्यावरून आला. अँड्र्यू जॅक्सन. पुढे अमेरिकेचा सातवा अध्यक्ष, वीस डॉलरच्या नोटेवर चित्र. इथं त्यानं वकिली केली, एका ओंडक्यांच्या घरात काही महिने मुक्काम केला. ते घर नंतर उचलून गावात आणून ठेवलं आहे, पाहायला मिळतं. कोर्टात थट्टा केली म्हणून वेटस्टिल एव्हरी नावाच्या ज्येष्ठ वकिलाला त्यानं द्वंद्वाचं आव्हान दिलं. संध्याकाळी दोघं समोरासमोर उभे राहिले, दोघांनी हवेत गोळ्या झाडल्या आणि हात मिळवून घरी गेले. ही गोष्ट गावात सगळे सांगतात. आहेच तशी मजेदार.

पण त्याच कोर्टाच्या दप्तरात आणखी एक नोंद आहे. १७८८च्या नोव्हेंबरात जॅक्सननं एक गुलाम बाई विकत घेतली. वय अठरा ते वीस. नाव नॅन्सी. बस्स. आडनाव नाही, गाव नाही. खरेदीखत म्हणून नोंद झाली आणि म्हणूनच ती आपल्याला ठाऊक आहे. ज्या दप्तरासाठी दोन्ही बाजूंनी दरवाजे फोडले, त्यात नॅन्सी एवढीच उरली. पुढे अध्यक्ष झाल्यावर १८३० साली याच जॅक्सननं इंडियन लोकांना मिसिसिपीपलीकडे हलवायचा कायदा केला, आणि १८३८-३९मध्ये हजारो चेरोकींना चालवत नेलं गेलं, त्यात सुमारे चार हजार माणसं मेली असं मानतात. खंडानं जमीन देणाऱ्यांची ही अखेर. डोंगरात लपून, टिकून राहिलेल्या चेरोकींचे वंशज मात्र नॉर्थ कॅरोलिनात आजही आहेत.

असो. गाव एका बाजूचं कधीच नसतं, म्हणून आता दुसरी बाजू. आणि माझा खरा जीव जिच्यात अडकला तीच ही.

मुख्य रस्त्यावर एक पाटी आहे. एलिहू एम्ब्री. लोखंडाच्या भट्ट्या असलेल्या घरातला क्वेकर माणूस. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक साधा, अहिंसावादी पंथ. या एम्ब्रीनं १८१९ साली जोन्सबरोतून गुलामगिरीविरुद्ध साप्ताहिक काढलं आणि १८२०च्या एप्रिलपासून 'द इमॅन्सिपेटर' नावाचं मासिक. फक्त गुलामगिरी बंद करा एवढ्याच कामासाठी निघालेलं अमेरिकेतलं पहिलं नियतकालिक म्हणून ते ओळखलं जातं. वर्गणी वर्षाला एक डॉलर. दोन हजारांच्या आसपास वाचक झाले, त्या काळात आणि त्या डोंगरात! दक्षिणेतल्या राज्यांच्या गव्हर्नरांनाही त्यानं अंक पाठवले, काहींनी परत पाठवले. सात अंक निघाले. ऑक्टोबरचा शेवटचा. डिसेंबरात एम्ब्री वारला, अवघा अडतीस वर्षांचा.

ही माणसं बॉस्टनची नव्हती, न्यूयॉर्कची नव्हती. अमेरिकेचा इतिहास शिकवताना मी फळ्यावर दोन रकाने काढायचे. उत्तर आणि दक्षिण. उत्तर गुलामगिरीविरुद्ध, दक्षिण बाजूनं. चार मार्कांचा प्रश्न, चार मुद्दे. त्यात जोन्सबरो बसत नाही. बेंजामिन लंडी यांनी एम्ब्रीच्या पाठोपाठ आपलं गुलामगिरीविरोधी पत्र जवळच्या ग्रीनव्हिलला आणलं, नंतर ते बाल्टिमोरला नेलं, आणि तिथं त्यांच्याबरोबर काम करायला विल्यम लॉइड गॅरिसन आले. गॅरिसन पुस्तकात आहेत. एम्ब्री माझ्या पुस्तकात नव्हता.

आणि एम्ब्री देव नव्हता. त्यानं स्वतः गुलाम ठेवले होते. ते त्यानं आपल्याच मासिकात छापून कबूल केलं. लाज वाटते असं म्हणून केलं. दुसऱ्याचं पाप छापायला प्रेस लागते, स्वतःचं छापायला काय लागतं ते मला नीट माहीत आहे, त्याचं कारण पुढे येतंच आहे.

एम्ब्रीनंतर वीस वर्षांनी याच गावात ब्राउनलो नावाचा भांडखोर पाद्री 'व्हिग' हे वर्तमानपत्र चालवत होता. त्याचा प्रतिस्पर्धी संपादक लँडन कार्टर हेन्स. १८४० साली ब्राउनलो भर रस्त्यात काठी घेऊन त्याच्यावर धावला आणि हेन्सनं त्याच्या मांडीत गोळी घातली! संपादकीय मतभेद. हेन्स पुढे यादवी युद्धात गुलामगिरीवाल्यांच्या सिनेटात गेला. ब्राउनलो गुलामगिरीचा समर्थक, पण देश फोडायच्या कडक विरोधात, आणि युद्धानंतर टेनेसीचा गव्हर्नर. पूर्व टेनेसीच्या बहुसंख्य लोकांनी १८६१ साली देशातून फुटून निघायच्या विरुद्ध कौल दिला होता. परत माझे दोन रकाने पुसले गेले. शेवटची मौज म्हणजे टिप्टनच्या ज्या घराशी फ्रँकलिनची लढाई झाली, तेच घर पुढे या हेन्सचं झालं.

त्यापुढचं भराभर सांगते. आगगाडी आली. त्या मार्गावरच्या एका ठेसनाभोवती जॉन्सन सिटी वाढली आणि जोन्सबरो मागे पडलं. १८७३ साली पटकी आली, लोक गाव सोडून पळाले, बरेच मेले. विसाव्या शतकात मोठा रस्ता झाला, दुकानं बाहेर गेली, १९६०च्या दशकात मुख्य रस्त्यावरची घरं पडायला आली. मग १९६९ साली जुन्या गावाची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली, तारा जमिनीखाली गेल्या, विटांच्या वाटा झाल्या. पण नुसत्या विटा पाहायला कोण येतं?

इथं आमच्या धंद्याचा माणूस आला. जिमी नील स्मिथ, शाळेतला पत्रकारिता शिकवणारा मास्तर. मुलांना गाडीतून नेत असताना रेडिओवर जेरी क्लाउअर नावाच्या विनोदी कथेकऱ्याची शिकारीची गोष्ट लागली, मुलं खदखदून हसली. मास्तरांच्या मनात आलं, आपल्या गावात नुसत्या गोष्टी सांगायचा उत्सव का करू नये? १९७३च्या ऑक्टोबरात कोर्टाजवळ गवताची गाडी उभी केली, तीच व्यासपीठ. साठेक माणसं आली. शेजारच्या बीच माउंटनवरचे रे हिक्स आले. साडेसहा फुटांचे शेतकरी, जॅक नावाच्या गरीब पण चलाख पोराच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गोष्टी सांगणारे. २००३ साली ते गेले. आज त्या उत्सवाला हजारो माणसं येतात, रस्त्यामागच्या मैदानांत मोठमोठे तंबू पडतात, रात्री भुतांच्या गोष्टी होतात, आणि १७९७ सालच्या चेस्टर इन या खाणावळीशेजारी २००२ पासून गोष्टींचं एक कायमचं केंद्र उभं आहे.

मी एकदा उत्सवाला गेले. उघड्यावर एक जागा असते, तिथं कुणीही उठून गोष्ट सांगावी. मुलीनं ढकललं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. वाघ आला, कोल्हा आला, आणि लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन परत येणारी म्हातारी आली. पहिल्या रांगेतली एक आजीबाई डोळे पुसेपर्यंत हसली आणि नंतर येऊन म्हणाली की तिची मुलगीही लांब राहते. नातू लाजून लाल झाला होता, पण घरी गेल्यावर त्यानं ती गोष्ट परत सांगायला लावली.

गेल्या खेपेला नातवाच्या शाळेत काउंटीच्या इतिहासाचा प्रकल्प होता. आम्ही दोघं परत गावात हिंडलो. मुख्य रस्ता सोडून थोडं पुढे एक शाळा आहे, आता तिथं कलाकेंद्र आहे. १९४०च्या सुमारास बांधलेली बुकर टी. वॉशिंग्टन शाळा, काळ्या मुलांसाठीची. १९६५ साली मुलं एकत्र शिकायला लागली आणि ती बंद झाली. इमारत बरीच वर्षं तशीच होती, मग गावानं दुरुस्त करून २०१३ साली कलाकेंद्र केलं आणि मॅकिनी या स्थानिक काळ्या शिक्षक-कुटुंबाचं नाव दिलं. मी आतल्या मोठ्या खिडक्यांपाशी उभी राहिले. शाळेची खिडकी कुठलीही असो, बाहेर पाहणारं एक पोर मला दिसतंच. नातू म्हणाला, "आजी, तुझ्या शाळेत अशी वेगळी शाळा होती?"

"नाही रे," मी म्हटलं. आणि मग घरी येईपर्यंत बोलले नाही.

आता ते कारण. आमच्या शाळेला २००१ साली शंभर वर्षं झाली. स्मरणिकेची संपादक मी. शाळेचा इतिहास मीच लिहिला, बावीस पानं. पहिले हेडमास्तर, कौलारू इमारत, चाळीस सालची प्लेगची सुट्टी म्हणून सांगितलेली आठवण, बेचाळीसची प्रभातफेरी, सगळं. माहिती गोळा करताना आमचे निवृत्त शिपाई, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, माझ्याकडे दोन दुपारी येऊन बसले. त्यांचे वडील तीसच्या दशकात आमच्याच शाळेत होते. पडवीत बसायचे. आत यायचं नाही. मास्तर उंबऱ्यातून शिकवायचे, पाटी लांबूनच बघायचे. पाणी कुणी वरून ओतलं तर प्यायचं. पावसाळ्यात पडवीत झड आली की घरी जायचं, कारण आत घेता येत नव्हतं. चौथीत पहिला नंबर आला आणि शाळा सुटली. मामांनी हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं. मी वहीत टिपून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

स्मरणिकेत त्यातली एकही ओळ नाही. समितीतल्या कुणीही मला अडवलं नव्हतं, हे स्पष्ट लिहिते. मीच गाळलं. आनंदाचा सोहळा, देणगीदार येणार, कशाला. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून गोणपाट नेऊन त्यावर वेगळं बसावं लागायचं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होते. गळा दाटून यायचा माझा. पण ते साताऱ्याचं होतं.

प्रकाशनाच्या दिवशी मामांना मानानं पहिल्या रांगेत बसवलं, प्रत दिली. त्यांनी चष्मा लावला आणि बावीस पानं सावकाश उलटली, एकेक. मी व्यासपीठावरून बघत होते. शेवटी अंक मिटून पिशवीत ठेवला. खाली उतरल्यावर म्हणाले, "लई छान झालंय बाई."

जोन्सबरोहून आल्यावर नातवानं प्रकल्प लिहिला. सेव्हिअर आहे, जॅक्सनचं द्वंद्व आहे (ते गाळायला तो तयार नव्हता), एम्ब्री आहे. नॅन्सीला त्यानं वेगळं पान दिलं. वर नाव आणि खाली खरेदीखतात आहे तेवढंच, बाकी पान कोरं. शिक्षिकेनं विचारलं, हे पान अपुरं का? त्यानं सांगितलं, दप्तरात एवढंच आहे.

आमच्या शाळेला आता सव्वाशे वर्षं होत आहेत. नव्या स्मरणिकेसाठी समितीतल्या मुलांनी, म्हणजे माझ्याच विद्यार्थ्यांनी, मला लेख मागितला. दोन पानं लिहिली आहेत, पडवीची. लिहिताना लक्षात आलं की वहीत सगळीकडे "मामांचे वडील" एवढंच आहे. नाव मी विचारलंच नव्हतं. मामा आता नाहीत. त्यांचा नातू पुण्यात असतो, नंबर मिळवून त्याला फोन केला. तो आधी जरा बिचकला, मग म्हणाला, "थांबा बाई, आईला विचारतो." पाच मिनिटांनी त्याचा परत फोन आला. पणजोबांचं पूर्ण नाव मी दोनदा वाचून दाखवलं, ऱ्हस्व-दीर्घ विचारून घेतलं, आणि लेखात पहिल्या ओळीत घातलं. लेख समितीला पाठवून तीन आठवडे झाले. अजून उत्तर नाही.